मागच्या चाकाची रिम

अप्पा कारखान्यातून आले की जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत, बुटाच्या नाडीला हात घालत आणि तसेच थांबत. पाठ वाकलेली, हात नाडीवर, नजर फरशीवर. आई आणि मी आतून बघत असू, पण हाक मारत नसू, कारण त्या वेळी बोललेलं त्यांना ऐकू जात नसे. दिवसभर प्रेसचे ठोके कानात भरून घेतलेला माणूस तो. घरातले हळू आवाज त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागे. आई चहा ठेवी, वाटीत भाजलेले शेंगदाणे काढी, आणि चहाला उकळी फुटली की अप्पांचा पहिला बूट पायरीवर पडल्याचा आवाज येई. मग दुसरा. मग ते घरात येत आणि म्हणत, "झालं बाबा." रोज तेच दोन शब्द. काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता मी स्वतः साठीच्या जवळ आले आहे, गुडघे जिन्याला घाबरतात, आणि शाळेतून घरी आले की खुर्चीत बसताना माझ्याही तोंडून तेच निघतं. तेव्हा मात्र मला वाटे, या माणसाला कशातच काही वाटत नाही.

आम्ही नल्लकुंट्यात राहत होतो, सरस्वतम्मांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला एक गॅलरी. अप्पा उदगीरकडचे. तरुणपणी कामाच्या शोधात हैदराबादला आले आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लागले, ते तिथेच राहिले. कारखाना सायकलच्या रिमा बनवायचा. पोलादाची पट्टी यंत्रातून वळून गोल होई, तिची टोकं जोडली जात, प्रेसखाली भोकं पाडली जात आणि शेवटी क्रोमचं पाणी चढे. त्या क्रोमचा आंबटसर वास अप्पांच्या कपड्यांत कायमचा बसला होता. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवी. आमची भाषा म्हणजे घरात उदगीरची मराठी, जिन्याखाली तेलुगू आणि रस्त्यावर दख्खनी. आई अंबाडीची भाजी करी तेव्हा सरस्वतम्मा खालूनच ओरडत, "गोंगुरा वास आला!" आणि वाटी घेऊन वर येत. त्या भाजीबरोबर ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा असे. अप्पा जेवताना बोलत नसत, पण त्या भाजीच्या दिवशी एक भाकरी जास्त खात. आई तेवढ्यावर खूश असे.

ते दिवस बदलाचे होते, असं आता पुस्तकात लिहिलेलं असतं. आम्हाला ते बदल गच्चीवरून दिसले. एकेका घरावर टीव्हीची मोठी ताटली उगवायला लागली. नवीन थंड पेयं आली, नवीन साबण आले, आणि सायकलच्या दुकानांत गिअरवाल्या, जाड टायरच्या सायकली दोरीनं टांगलेल्या दिसू लागल्या. त्या सायकलींना अल्युमिनियमच्या रिमा असत. सायकली बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अप्पांच्या कारखान्याकडेही आता तसल्याच रिमा मागायला लागल्या होत्या. म्हाताऱ्या मालकांचा मुलगा परदेशात शिकून आला होता. त्यानं शेडच्या एका कोपऱ्यात अल्युमिनियमचा विभाग सुरू केला आणि अप्पांना तिथे शिकायला बसवलं. शिकवणारा मुलगा माझ्याहून थोडाच मोठा होता. अप्पांनी तक्रार केली नाही. घरी येऊन फक्त एवढंच म्हणाले, "ती रिम नाहीच. भाताच्या पातेल्याची जात आहे ती." आई म्हणाली, "पातेल्याला नावं ठेवू नका, त्यात रोज जेवता."

मी तेव्हा जामबागच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होते. रोज सायकलनं जाई. बरकतपुरा, काचीगुडा, कोठी, त्या सगळ्या गर्दीतून रिक्षांना चुकवत चुकवत. सायकल मला फार चांगली यायची, आणि एवढी एकच गोष्ट मला फार चांगली येते हे मला ठाऊक होतं. सरस्वतम्मांच्या खालच्या खोलीत त्या वर्षी निखिल नावाचा पुण्याचा मुलगा भाडेकरू म्हणून आला. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. त्याच्याकडे डोंगरात चालवायची सायकल होती, मावसभावानं बाहेरून आणलेली. रविवारी सकाळी तो आणि त्याचे ऑफिसातले मित्र गोलकोंड्याच्या पलीकडे एका खडकाळ टेकडीवर जात, सायकली ढकलत वर नेत आणि बसून खाली येत. एकदा त्यानं सहज विचारलं, "येतेस का? बघायला?" मी बघायला गेले आणि दुपारपर्यंत त्याच्या सायकलवरून तीनदा खाली उतरून आले. आजवर ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली, त्यांच्या डोळ्यांत इथे एक प्रश्न येतो, म्हणून आत्ताच सांगते: निखिलशी माझं लग्न झालं नाही, व्हायचंही नव्हतं. मला त्याच्या सायकलीतच रस होता आणि त्यालाही तिच्यातच.

टेकडी मुरमाड होती. मोठे मोठे गोल धोंडे, त्यांच्यामधून गेलेली शेळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं. वरून निघालं की आधी काहीच वाटत नसे. मग उतार पायाखालून निघून जाई आणि सायकल आपली न राहता डोंगराची होई. हँडलमधून दगड थेट खांद्यात बोलत. खाली पोचलं की हाताची बोटं उघडत नसत. मी पुन्हा वर जाई. घरी दमून येई आणि आईला सांगे, "निखिलच्या मित्रांबरोबर फिरायला गेले होते." आई माझ्या ढोपराकडे बघून म्हणे, "फिरताना रांगत होतीस काय?"

वर्ष संपायच्या आत निखिलला कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. जाण्याच्या आधीच्या रविवारी त्यानं मोठ्या धोंड्यावरून उडी मारली आणि दोन्ही चाकं वाकडी करून घेतली. मागची रिम तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी झाली. तो हसत म्हणाला, "ही तुला. सांगाडा उत्तम आहे, चाकं तेवढी बघ." आणि गेला. सायकल जिन्याखाली उभी राहिली. चाकं तेवढी बघ, हे म्हणायला सोपं होतं. त्या मापाच्या आणि तसा मार सहन करतील अशा रिमा आमच्या शहरात कुठे मिळतात, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी अप्पांना विचारलं. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पोलादाच्या दोन रिमा घेऊन आले. "ह्यावर हत्ती बसव," म्हणाले. मी त्या लावून टेकडीवर गेले. हत्तीला चालल्या असत्या, पण वर ढकलून न्यायची मला होती. निम्म्या वाटेतच पोटऱ्या भरून आल्या. शिवाय वाटेत एक ओहोळ होता. त्यातून गेल्यावर ओल्या क्रोमवर ब्रेक धरेना, साबणासारखा घसरायला लागला. मी पाय घासत खाली आले. मग काचीगुड्याच्या फिरोजभाईंकडे गेले. त्यांचं सायकलचं दुकान, मी लहान असल्यापासून माझं पंक्चर तेच काढत. त्यांनी माळ्यावरून अल्युमिनियमच्या दोन रिमा काढल्या, बोटावर तोलून दाखवल्या. "देखो बेटा, हल्की तो फूल के जैसी है. मगर मैं झूट नै बोलता. एक खड्डे में पापड हो जाती." मी हसले आणि घेतल्या. पहिल्या रविवारी वर जाताना मला पंख फुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी एका कड्यावरून मागचं चाक आपटलं आणि रिमेचा पापड झाला. सायकल खांद्यावर घेऊन मी डांबरी रस्त्यापर्यंत चालत आले, आणि तिथून एका भाजीच्या टेम्पोत बसून घरी.

अप्पा त्या दिवशी गॅलरीत बसले होते. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. पण त्यांनी चाक मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि जिथे रिम वळली होती तिथे अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "कशावर आपटलीस?"

"दगडाच्या कडेवर."

"बसून होतीस का उभी?"

"उभी. मागे झुकून."

"म्हणजे सगळं वजन मागं." ते स्वतःशीच बोलत होते. "पुढच्या रविवारी मला दाखव."

आईनं आतून विचारलं, "काय दाखव?" अप्पांनी चाक भिंतीला टेकवून ठेवलं.

अप्पा रविवारी कुठे जात नसत. रविवार हा त्यांचा झोपायचा दिवस. त्या रविवारी ते कारखान्याचे जाड बूट घालून, पांढरा शर्ट पँटमध्ये खोचून बसनं आले, आणि पुढे चालत टेकडीपर्यंत. सायकल मी पुढे नेली होती, पुन्हा पोलादाची चाकं लावून. आईनं धपाटे आणि दही बांधून दिलं होतं. अप्पा अर्ध्या चढावर एका धोंड्यावर बसले. त्यांना दम लागला होता, आणि क्रोमच्या वाफेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा तो दम लवकर खाली बसत नसे. मी वरून त्यांच्या अंगावरून जाईन अशा वेगानं उतरले, खाली थांबले, पुन्हा वर आले. दर वेळी ते वेगळ्या दगडावर बसलेले असत. शेवटी त्यांनी मला थांबवलं आणि चाकाला हात लावला. झटक्यात मागे घेतला.

"तापलं की गं हे!"

"ब्रेकनं तापतं."

ते पुन्हा हात लावून थांबले, या वेळी जपून. मग धपाटा खाताखाता बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढचं चाक वाट दाखवतं, ते हलकं पाहिजे, म्हणजे उचलता येतं. ते एकपदरी अल्युमिनियमचं चालेल. मार खातं ते मागचं. त्यातून मागच्या चाकाला उजवीकडे दातेरी चक्र असतं, त्यामुळे त्या बाजूच्या तारा उभ्या आणि जास्त ताणलेल्या. चाक मुळातच एका अंगानं अवघडलेलं. त्याला पोलाद दिलं तर जड, एकपदरी अल्युमिनियम दिलं तर मऊ. "दोन पदरांची पाहिजे," ते म्हणाले. "आत पोकळ, पेटीसारखी. बाहेरच्या पदराला मार बसला तरी तारा आतल्या पदरात धरलेल्या. हलकी राहती आणि वाकत नाही."

"अशी असते?"

"आमच्याकडं आहे एक. नमुन्याची. बाहेरून मागवलीय, बघून शिकायला." त्यांनी बोटाला लागलेलं दही चाटलं. "चांगली चीज आहे," असं म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना कष्ट पडले हे मला दिसलं.

त्या सुमाराला सिकंदराबादच्या एका नव्या सायकल दुकानानं जाहिरात म्हणून त्याच टेकडीवर उतरण्याची शर्यत ठेवली होती. निखिलच्या मित्रांनी माझंही नाव दिलं. मुलगी मी एकटीच होते. मी अप्पांना सांगितलं, पण ती नमुन्याची रिम मागा असं म्हणाले नाही. अप्पांनी कारखान्यात कधी काही मागितलेलं नव्हतं. बदली नाही, बढती नाही, माझ्या बारशाला रजासुद्धा अर्ध्याच दिवसाची घेतली होती, असं आई सांगे.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी बूट पडल्याचा आवाज आला नाही. आम्ही वळून पाहिलं तर अप्पा बुटांसकट आत आले होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली रिम. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि पाटावर बसले.

"रिम मिळाली," म्हणाले. "नोकरी गेली."

आईच्या हातात वरणाची पळी होती. तिनं ती पातेल्यात परत ठेवली. "नीट सांगा."

"पोलादाचा विभाग बंद करायलेत. जुन्या माणसांनी, अल्युमिनियमला बसवलेल्यांनीबी, स्वेच्छानिवृत्ती घ्यायची म्हणून सांगितलं." थोडं थांबून ते म्हणाले, "स्वेच्छा माझी नव्हती, एवढंच."

"आणि ही रिम?"

"ती आधी मागितली होती. छोट्या मालकांच्या खोलीत गेलो, म्हणालो, पोरीच्या सायकलीला पाहिजे. ते लगेच म्हणाले, घ्या की अप्पा, घेऊन जा. इतक्या लगेच म्हणाले, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे. मग बसा म्हणाले."

आईनं ताटं वाढली. अप्पा बूट घालूनच जेवायला बसत होते, तिनं खाली वाकून त्यांचे बूट काढले. मी माझ्या आईला त्यांच्या पायाशी तशी बसलेली कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्यानंतरचे दिवस लांबच लांब होते. अप्पा कंपनीच्या बसच्या वेळेला उठत, दाढी करत, शर्ट घालत आणि मग गॅलरीत बसत. आईनं पहिल्या सकाळी सवयीनं त्यांचा डबा भरला. भरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तिनं तो रिकामा केला नाही. दुपारी अप्पांनी गॅलरीतच तो डबा उघडला आणि एकेक कप्पा काढून जेवले. पुढे किती तरी दिवस तसंच चाललं. रस्त्यावरून जाणारे ओळखीचे लोक वर बघत, "आज सुट्टी?" म्हणून विचारत. अप्पा मान हलवत. सरस्वतम्मा वर येऊन आईला हळूच विचारत, "एमैंदम्मा, काय झालं, तब्येत?" आणि आई म्हणे, "दमलेत." ते खोटं नव्हतं. इतक्या वर्षांचा थकवा एकदम वसुलीला आल्यासारखा त्यांच्या अंगात उतरला होता. पण झोप लागत नसे. दिवसा आडवे झाले तरी डोळे छताला लागलेले.

फक्त चाकापाशी बसले की ते हलत. जुन्या सायकलच्या फोर्कचा, चाक धरणाऱ्या चिमट्याचा, तुकडा त्यांनी गॅलरीच्या कठड्याला बांधला आणि त्यात हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, बसवला. मी तारा एकेक करून हातात द्यायची, ते ओवायचे. घाई नव्हती. सगळ्या तारा ओवून झाल्यावर चाक फिरवत आणि एका हातात खडू धरत. जिथे रिम बाहेर येते तिथे खडू लागे, मग तिथली तार थोडी आवळायची, समोरची सैल करायची. चाकाचा औट काढणं म्हणतात त्याला. मधूनच ते नखानं तारा छेडत आणि कान जवळ नेत. टिण्, टिण्, टण्. "ही खोटी बोलतीय," म्हणत, आणि पुन्हा किल्ली लावत. प्रेसच्या ठोक्यांनी अर्धवट गेलेले ते कान तेवढा फरक कसा ऐकत, मला कळत नसे. आई आतून भाजी चिरता चिरता हे ऐके. एक दिवस तिचा बांध फुटला.

"घरात बसायची वेळ आलीय, आणि तुम्ही पोरीला डोंगरावरून ढकलायच्या तयारीला लागलात. हात-पाय मोडले तर कोण बघायचं? दात पडले तर?"

ती बरोबर बोलत होती. मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं. घरात कुणाच्या तोंडाला चव नाही, आणि मी शर्यतीला निघालेय. मी म्हणाले, "अप्पा, राहू दे. मी नाही जात."

अप्पांनी चाक फिरतं थांबवलं. "जा," म्हणाले.

"पण आई म्हणतेय ते—"

"तिचं खरं आहे." ते आईकडे वळले. "तुझं खरं आहे. पण माझं ऐक. इतकी वर्षं रिमा केल्या मी. ट्रकमधी भरल्या, गेल्या. कुठं गेल्या, कुणाच्या खाली फिरल्या, मोडल्या का टिकल्या, मी एकबी पाहिली नाही. ही एक बघू दे."

आईनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाली, "अंगभर कपडे घाल. जाड."

शर्यतीच्या सकाळी टेकडीखाली बरीच गर्दी होती. दुकानवाल्यांनी रंगीत पताका लावल्या होत्या, कर्ण्यावर गाणी चालू होती. अप्पा त्यांच्या ठरलेल्या बुटांत, फिरोजभाईंबरोबर उताराच्या शेवटी उभे राहिले, जिथून वाट दिसते. फिरोजभाई दुकान बंद ठेवून आले होते. आई आली नाही. मी सायकल वर नेली. पुढे फिरोजभाईंची फुलासारखी रिम, मागे ती दोन पदरांची. वर पोचले तेव्हा घाम आला होता, पण पोटऱ्या शाबूत होत्या.

माझी पाळी आली आणि मी निघाले. धोंड्यांमधून पहिलं वळण, मग शेळ्यांची वाट, मग तो कडा, जिथे मागच्या वेळी पापड झाला होता. कड्यावरून मी खाली आले, मागचं चाक आपटलं, आणि मी पुढे निघाले होते. ओहोळ ओलांडला. ब्रेकनं पकडलं. शेवटच्या उतारावर वळणापाशी मुरूम सुटा पडला होता. आधीच्या पोरांच्या चाकांनी तो उकरला होता. पुढचं चाक त्यात शिरलं आणि आडवं गेलं. मी हवेत होते हे आठवतं, सीताफळीचं झुडूप आठवतं. मग तोंडात माती, आणि उजवं मनगट माझं नाही असं काहीतरी. सायकल माझ्याशिवाय पुढे गेली, उड्या मारत, कोलांट्या खात, थेट खाली.

मी डोकं उचललं तेव्हा उतारावर पांढरा शर्ट दिसला. अप्पा वर येत होते. चालत नव्हते, पळत होते. बूट मुरमावर घसरले की हात टेकत, पुन्हा उठत. जिन्याच्या पायरीवर नाडी सोडायला ज्यांना वेळ लागे, ते. त्यांच्या मागे फिरोजभाई "आहिस्ता साब, आहिस्ता" म्हणत येत होते. अप्पा माझ्यापर्यंत पोचले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी माझ्या तोंडात बोट घालून आधी दात चाचपले.

"आहेत," ते म्हणाले. "सगळे आहेत."

फिरोजभाईंनी मला पुढे सांगितलं की सायकल गडगडत येऊन नेमकी अप्पांच्या पायाशी आडवी झाली होती, मागचं चाक वर, अजून फिरत असलेलं. सगळ्यांना वाटलं, आता हे खाली वाकून बघतील. ते तिला ओलांडून पळाले.

दवाखान्यात मनगट बसवलं, प्लास्टर घातलं. अप्पा बाहेर बाकावर बसून होते. आई डबा घेऊन आली, आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे गेली. ती त्यांना बोलेल असं मला वाटलं होतं. तिनं डबा उघडला आणि त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. दोघंही दमलेली होती, आणि बाकावर शेजारी शेजारी बसून, भिंतीला टेकून जेवली.

फिरोजभाईंनी सायकल घरी आणून जिन्याखाली ठेवली आणि वर पोतं टाकलं. अप्पा त्या बाजूला गेले नाहीत. जाता-येता नजर वळवत. मी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून गॅलरीत पडून असे, आणि ते माझ्या पायथ्याशी बसून असत. नोकरीचा विषय कुणी काढत नसे, शर्यतीचाही नाही. पुढे त्यांना एका गोदामात देखरेखीचं काम मिळालं, ते त्यांनी डोळे अधू होईपर्यंत केलं. मी शिक्षिका झाले. मनगट पावसाळ्यात अजून दुखतं. पण ते सगळं नंतरचं.

एका दुपारी आई आत पीठ चाळत होती. खाली सरस्वतम्मांचा रेडिओ चालू होता. अप्पा एकाएकी म्हणाले, "कुंदे, खाली येताना कसं होतं?"

"काय कसं?"

"वरून निघालीस तिथून सांग."

मी सांगितलं. धोंड्यांमधलं वळण, शेळ्यांची वाट. ते डोळे बारीक करून ऐकत होते. कड्यापाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "इथं थांब. इथं आपटली. मग?"

"आपटली आणि मी पुढे गेले."

"मागचं चाक काय म्हणालं? लचकलं? घासलं? आवाज?"

मी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, कारण ते जीव टांगून बसले होते आणि मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. पण आठवायला काही नव्हतं.

"अप्पा," मी म्हणाले, "खरं सांगू? वर उभी होते तेव्हा मनात होतं, ही तुमची रिम आहे म्हणून. निघाल्यावर मात्र मागे चाक आहे हे मी विसरूनच गेले."

"विसरलीस?"

"हो. पडेपर्यंत."

"मग बरोबर बसलं होतं," म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून कठड्यावर ठेवला आणि तिथेच, माझ्या चटईच्या कडेला, हात डोक्याखाली घेऊन आडवे झाले. थोड्या वेळानं आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. काही विचारायला आली होती, ते तिनं विचारलं नाही. ओठांवर बोट ठेवून तिनं मला गप्प केलं, जिना उतरून खाली गेली, आणि मला तिचा दबका आवाज ऐकू आला, "अम्मा, थोडा रेडिओ बंद करा. ते झोपलेत." रेडिओ बंद झाला. अप्पा उठले ते दिवेलागणीला.